लोयांग : जळालेली राजधानी आणि कोरलेली नावे



वर्धापनदिनाची स्मरणिका हातात पडली की आपण सगळे आधी काय पाहतो? खरं सांगायचं तर शेवटची पानं. देणगीदारांची यादी. आपलं नाव आलं का, आडनाव बरोबर छापलं का, शेजारच्या बिऱ्हाडाने किती दिले. यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याने आठवड्याच्या पगारातून पन्नास रुपये काढून दिले, त्याला आपले नाव कुठेतरी राहावे असे वाटणारच. आम्ही या लेखात ज्या नगरीची हकिगत सांगणार आहोत, तिथेही अशा याद्या आहेत. फरक एवढाच, की त्या कागदावर नाहीत. डोंगराच्या कातळात कोरलेल्या आहेत आणि त्यातल्या काही पंधराशे वर्षांच्या जुन्या आहेत. ज्या राजांच्या राज्यात त्या कोरल्या गेल्या, त्यांचे राजवाडे मात्र आज मातीखाली शोधावे लागतात.

ही नगरी म्हणजे चीनमधील लोयांग. हेनान प्रांताच्या पश्चिम भागात, लो नदीच्या काठावर ती वसली आहे. उत्तरेला मांग टेकड्यांची लांब रांग आणि त्यापलीकडे पीत नदी. दक्षिणेला यी नदी दोन डोंगर फोडून उत्तरेकडे येते, त्या खिंडीला लोंगमेन म्हणतात. चारी बाजूंनी आडोसा आणि मधे सुपीक सपाट जमीन. अशी जागा राजेलोकांच्या डोळ्यांत भरली नसती तरच नवल. चिनी लोक अभिमानाने सांगतात की तेरा राजवंशांची राजधानी इथे होती. शहराजवळच एर्लीतोऊ नावाच्या गावी १९५९ साली उत्खनन सुरू झाले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यांचे चौथरे आणि काशाची भांडी मिळाली. इ.स.पूर्व ७७० मध्ये चौ राजांनी आपली राजधानी पश्चिमेकडून इथे हलवली. म्हणजे तथागतांचा जन्म झाला त्याआधीच लोयांग हे जुने शहर होते.

आपला संबंध येतो तो इ.स.च्या पहिल्या शतकात. हान वंशाचा सम्राट मिंग हा इ.स. ५७ ते ७५ या काळात लोयांगमध्ये राज्य करीत होता. त्याच्या स्वप्नात एक सोनेरी, तेजस्वी पुरुष उडत आला. दरबारातल्या जाणत्याने सांगितले की पश्चिमेकडे बुद्ध नावाचे महापुरुष होऊन गेले, ते हेच असावेत. सम्राटाने दूत पाठवले. दूतांना वाटेत दोन भारतीय भिक्खू भेटले, काश्यप मातंग आणि धर्मरत्न. एका पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ आणि बुद्धांची प्रतिमा लादून मंडळी लोयांगला आली. इ.स. ६८ मध्ये त्यांच्यासाठी विहार बांधला आणि घोड्याच्या स्मरणार्थ त्याचे नाव पडले ‘श्वेताश्व विहार’, चिनी भाषेत पायमा-स. चीनमधला हा पहिला बौद्ध विहार मानला जातो.

ही झाली परंपरा. इतिहासाचे अभ्यासक सांगतात की ही कथा आजच्या रूपात नंतरच्या काळात लिहिली गेली; आणि इ.स. ६५ मध्येच त्याच राजघराण्यातल्या एका राजपुत्राच्या दरबारी उपासक आणि श्रमण असल्याची नोंद मिळते. म्हणजे धम्म सम्राटाच्या स्वप्नाची वाट पाहत बसला नव्हता. तो व्यापाऱ्यांबरोबर, उंटांच्या काफिल्यांबरोबर, पायी चालणाऱ्या माणसांबरोबर आधीच येऊन पोचला होता. आम्हाला स्वतःला स्वप्नापेक्षा ही गोष्ट जास्त पटते.

काश्यप मातंग हे नाव वाचून आमच्यातल्या काहींचे कान टवकारले. आपल्या महाराष्ट्रात मातंग शब्दाला जो अर्थ आहे तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिक्खूला चिकटवून मोकळे होण्याचा मोह होतो. पण नुसत्या नावावरून असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. विहाराच्या आवारात पूर्वेला आणि पश्चिमेला गोल मातीचे दोन ढिगारे आहेत, त्यांच्यावर गवत उगवलेले असते. ती त्या दोघांची समाधीस्थळे म्हणून आजही लोक तिथे हात जोडतात. भारतातून गेलेली ही माणसे परत आली नाहीत एवढे नक्की.

त्यानंतर लोयांगमध्ये जे काम सुरू झाले ते स्वप्नापेक्षा फार मोठे आहे. इ.स. १४८ मध्ये आन-शिकाव नावाचा भिक्खू तिथे आला. तो पार्थियाचा, म्हणजे आजच्या इराणकडचा. राजघराण्यातला होता आणि गादी सोडून भिक्खू झाला, असे सांगतात. आनापानसती म्हणजे श्वासावर चित्त ठेवण्याची साधना आपण विहारात शिकतो, त्या विषयावरचे ग्रंथ चिनी भाषेत नेणाऱ्यांमध्ये तो पहिला. त्याच्यामागून कुषाणांच्या मुलखातून लोकक्षेम आला. त्याने प्रज्ञापारमितेचा ग्रंथ चिनी भाषेत आणला.

हे भाषांतर कसे व्हायचे ते समजून घेण्यासारखे आहे. एकाने मूळ भाषेत म्हणायचे, दुसऱ्याने त्याचा अर्थ तोंडी चिनीत सांगायचा, तिसऱ्याने कुंचला घेऊन उतरवून काढायचे, चौथ्याने भाषा घासूनपुसून घ्यायची. एकाला दुसऱ्याची भाषा पुरती येत नसे. ‘निब्बान’, ‘बोधी’, ‘संघ’ यांना चिनीत शब्दच नव्हते. कधी उच्चार तसाच ठेवला, कधी जवळचा शब्द वापरला, पुढच्या पिढीने तो चुकीचा ठरवून बदलला. असे शतकानुशतके चालले.

इ.स. १७९ मध्ये लोकक्षेमाचे हे भाषांतर लोयांगमध्ये लिहून पुरे झाले, त्याची नोंद ग्रंथाला जोडलेली आहे. तीत मूळ पाठ म्हणणाऱ्या भारतीयाचे नाव आहे, अर्थ सांगणाऱ्याचे आहे, कुंचला धरणाऱ्या दोन चिनी गृहस्थांची आहेत आणि शेवटी ज्यांनी मदत केली, ज्यांनी हुरूप दिला त्या दोघांची नावे आहेत : सुन ह आणि चौ थीली. हे कोण होते, काय धंदा करीत होते, कोणाला माहीत नाही. देणगीदार होते एवढेच माहीत. त्यानंतर अकरा वर्षांनी, इ.स. १९० मध्ये, तुंग च्वो नावाच्या सेनापतीने लोयांग जाळून टाकले. हान सम्राटांचे राजवाडे, कचेऱ्या, ग्रंथसंग्रह, हजारो घरे गेली. सुन ह आणि चौ थीली ही नावे मात्र आहेत.

शहर पुन्हा उभे राहिले. इ.स. ३११ मध्ये उत्तरेकडच्या टोळ्यांनी पुन्हा लुटून जाळले. या मधल्या काळातली एकच गोष्ट सांगतो. चू शिशिंग नावाचा चिनी भिक्खू लोयांगमध्ये प्रज्ञापारमितेवर प्रवचन देत असे. हाताशी असलेले भाषांतर त्याला अपुरे वाटे, अर्थ लागत नसे. लागत नसलेला अर्थ लागतो म्हणून ठोकून देणारे प्रवचनकार तेव्हाही असतील, पण हा त्यातला नव्हता. इ.स. २६० मध्ये तो मूळ ग्रंथ शोधायला निघाला, वाळवंट ओलांडून खोतानला पोचला, ग्रंथ मिळवून त्याने शिष्यांच्या हाती लोयांगला पाठवला आणि स्वतः तिकडेच वारला. ग्रंथासाठी पश्चिमेकडे निघालेला तो पहिला चिनी माणूस म्हणून ओळखला जातो.

आता येतो लोयांगच्या वैभवाचा काळ. उत्तर वेई वंशाचा सम्राट श्याववेन याने इ.स. ४९३-९४ मध्ये आपली राजधानी उत्तरेकडून लोयांगला आणली. हे राजे मूळचे चिनी नव्हते, गवताळ प्रदेशातले घोडेस्वार. सम्राटाने हुकूम काढला : आपला पोशाख सोडा, दरबारात आपली भाषा बोलू नका, आडनावेही चिनी घ्या. स्वतःच्या घराण्याचे नावही त्याने बदलले. आणि मोडून पडलेल्या जुन्या लोयांगवर नवे शहर उभे केले. त्यात एक लाखाहून जास्त घरे होती.

या शहराची माहिती आपल्याला मिळते ती यांग शुआनची या अधिकाऱ्याच्या पुस्तकातून. लोयांगच्या विहारांची ही हकिगत आहे. तो लिहितो, भरभराटीच्या दिवसांत शहरात आणि आसपास १,३६७ विहार होते. कोणी राजपुत्राने आपला वाडा देऊन टाकलेला, कोणी खोजा अधिकाऱ्याने बांधलेला, कोणी खाटकाने धंदा सोडून घराचा विहार केलेला. एका विहारात पश्चिमेकडच्या देशांतून आलेले तीन हजार भिक्खू राहत, त्यांच्यासाठी हजाराहून अधिक खोल्या होत्या. उत्तर भारतातला बोधिरुची इ.स. ५०८ मध्ये इथे आला आणि भाषांतराचा प्रमुख झाला.

तथागतांचा जन्मदिवस चिनी पंचांगाप्रमाणे चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी. आदल्या दिवशी शहरातल्या सगळ्या विहारांतल्या मूर्ती एका विहारात गोळा होत, हजारावर मूर्ती. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघे. पुढे वाद्ये, पताका, उदबत्त्यांचा धूर, कसरतवाले, रस्त्यात मुंगी शिरायला जागा नाही. राजवाड्याच्या दारावर सम्राट स्वतः उभा राहून मूर्तींवर फुले उधळी. आपली बुद्धजयंतीची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. सम्राट तेवढा वजा करा.

सगळ्यात मोठा विहार युंगनिंग. सम्राटमाता हू हिने इ.स. ५१६ मध्ये त्याचा लाकडी स्तूप बांधायला घेतला, नऊ मजली. उंचीचे आकडे जुन्या ग्रंथांत वेगवेगळे आहेत, पण शंभर मीटरांच्या वर तो नक्की असावा असे आजचे अभ्यासक म्हणतात. कोपऱ्याकोपऱ्यांवर सोन्याच्या मुलाम्याच्या घंटा होत्या. रात्री वारा सुटला की त्यांचा आवाज कोसभर ऐकू जाई. बोधिधर्म हे नाव प्रथम याच स्तूपाच्या वर्णनात येते. यांग लिहितो की पश्चिमेकडून आलेला हा वृद्ध भिक्खू स्तूप पाहून थक्क झाला, अनेक देश फिरलो पण असे पाहिले नाही म्हणाला आणि कित्येक दिवस हात जोडून नमस्कार करीत राहिला.

हे वाचून छाती फुगते. पण आमच्या मंडळींत या भागावर बराच वाद झाला. एवढा पैसा आला कुठून? शेतकऱ्याच्या करातूनच ना? एका खेपेला आमच्यातल्या एका ताई म्हणाल्या, ‘सोन्याच्या घंटा वाजवून पोट भरतं का कुणाचं?’ आणि उत्तर इतिहासानेच दिले. सरहद्दीवरच्या सैनिकांना पोटाला मिळेना, त्यांनी बंड केले. इ.स. ५२८ मध्ये एका सेनापतीने लोयांगवर चाल करून सम्राटमाता हू आणि तिने गादीवर बसवलेले लहान मूल, दोघांना पीत नदीत बुडवून मारले. हजाराहून अधिक दरबाऱ्यांची कत्तल केली. इ.स. ५३४ मध्ये युंगनिंगच्या स्तूपावर वीज पडली. नऊ मजले धडाधडा पेटले, आग तीन महिने धुमसत होती, तीन भिक्खू त्या आगीत शिरून मेले. त्याच वर्षी राजधानी दुसरीकडे नेण्याचा हुकूम निघाला. लाखो माणसांना तीन दिवसांची मुदत मिळाली. तीन दिवसांत घर रिकामे करा म्हणणारी नोटीस काय असते, हे आपल्या वस्तीतल्या जुन्या लोकांना वेगळे सांगायला नको.

इ.स. ५४७ मध्ये यांग शुआनची सरकारी कामाने लोयांगला परत आला. तटबंदी ढासळलेली, राजवाडे पडलेले, विहारांच्या जागी काटेरी झुडपे, रस्त्यात जोंधळ्यासारखे पीक आलेले. १,३६७ पैकी ४२१ विहार उरले होते. पुढच्या पिढ्यांना कळणार नाही म्हणून त्याने पुस्तक लिहायला घेतले. आज त्या स्तूपाचा मातीचा चौथरा शेतांच्या मधोमध आहे. उत्खननात तो मोजला गेला, एक बाजू सुमारे ३८ मीटर.

आता आपण शहराच्या दक्षिणेला लोंगमेनच्या खिंडीत जाऊ. यी नदीच्या दोन्ही काठांच्या चुनखडीच्या कड्यांत लेणी आहेत. श्याववेन सम्राटाने राजधानी आणली त्याच सुमाराला काम सुरू झाले आणि पुढे चारशे वर्षे चालू राहिले. दोन हजार तीनशेहून अधिक लेणी आणि कोनाडे, सुमारे एक लाख मूर्ती. काही मूर्ती बोटाच्या पेराएवढ्या. आणि सुमारे २,८०० शिलालेख. आपल्याकडे अजिंठा-वेरूळची लेणी बेसाल्टच्या काळ्या कातळात आहेत, विहार म्हणून राहण्यासाठी खोदलेल्या खोल्या आहेत. लोंगमेनला भिक्खूंनी राहावे असे फारसे नाही. ते मुख्यतः दानाचे डोंगर आहेत. ज्याला जेवढे परवडले तेवढे त्याने कोरून घेतले.

राजाने कोरले तर त्याचा हिशेबही राजेशाही. पिनयांग नावाच्या लेण्यांसाठी ५२३ पर्यंत ८,०२,३६६ मजूर-दिवस खर्ची पडले अशी नोंद इतिहासग्रंथात आहे, आणि तीन लेण्यांपैकी एकच तेव्हा पुरे झाले. पण जवळच्या कूयांग लेण्यात भिंत कोनाड्यांनी भरून गेली आहे, ती बघा. इ.स. ४९५ मध्ये एका सरदाराची बायको, युची घराण्यातली, आपल्या मेलेल्या मुलासाठी मैत्रेयाची मूर्ती कोरून घेते. मुलाचे नाव न्यूच्वे. त्याची दुःखातून सुटका व्हावी, एवढे तिचे मागणे. सरदाराची बायको असो की गिरणी कामगाराची, मूल गेल्यावर आई आईच.

इ.स. ५०२ चा दुसरा शिलालेख सुन छ्यूशंग याचा आणि त्याच्याबरोबरच्या ‘दोनशे माणसांचा’. ही एक मंडळी होती. गावातले, भागातले लोक एकत्र येत, वर्गणी काढत, एखादा भिक्खू मार्गदर्शक नेमत आणि मूर्ती करवून घेत. सुन छ्यूशंगच्या मंडळींना मूर्ती पुरी व्हायला सुमारे नऊ वर्षे लागली. वर्गणी जमवताना किती खेटे घालावे लागले असतील, कोणी दिले नाहीत, कोणी कबूल करून टाळले, हे शिलालेखात नाही. पण खाली नावांच्या रांगाच रांगा आहेत. आपल्या विहाराच्या बांधकामाची वर्षे ज्यांनी पाहिली त्यांना ही नऊ वर्षे समजतील.

पुढे थांग काळात लोयांगच्या उत्तर बाजारपेठेतल्या रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने एक लेणे कोरले, सुगंधी मालाच्या व्यापाऱ्यांच्या संघाने दुसरे. आता आपल्या कार्ल्याच्या लेण्यात जा. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर शिलालेख आहे : धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, हे दार दिले. तिथेच एका सुताराचेही नाव आहे. कार्ले आधीचे, लोंगमेन नंतरचे. मधे हिमालय, वाळवंटे आणि पाचसहाशे वर्षे. अत्तरवाला दोन्हीकडे आहे.

लोंगमेनमध्ये एका लेण्याच्या दारावर शंभराहून अधिक औषधांचे नुसखे कोरले आहेत. पोटदुखी, ताप, गळवे. कागद फाटतो, वैद्य मरतो, दगड राहतो, असा हिशेब असावा. ज्याला वाचता येते त्याने वाचावे, ज्याला येत नाही त्याने विचारून घ्यावे. सगळ्या लेण्यांत आम्हाला हे दान सगळ्यात आवडले.

इ.स. ६०५ मध्ये सुई वंशाचा सम्राट यांग याने जुन्या शहराच्या पश्चिमेला अगदी नवे लोयांग वसवले. दर महिन्याला वीस लाख मजूर राबत होते असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. त्याच वेळी दक्षिणेचा तांदूळ उत्तरेकडे आणण्यासाठी मोठा कालवा खणला. या वेठबिगारीने लोक इतके पिळून निघाले की वंशच बुडाला. धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली प्रचंड पेवे मात्र १९७१ च्या सुमारास सापडली. एका पेवात तेराशे वर्षांपूर्वीचे धान्य काळे पडून तसेच होते.

याच काळात लोयांगजवळच्या एका खेड्यात, इ.स. ६०२ च्या सुमारास, चार भावांतला धाकटा मुलगा जन्मला. त्याचा थोरला भाऊ लोयांगच्या चिंगथू विहारात भिक्खू होता. वडील वारले, पोरगा भावाकडे येऊन राहिला. तेरा वर्षांचा असताना सरकारतर्फे श्रामणेरांची निवड होती. वय बसत नव्हते म्हणून तो दाराशी नुसता उभा होता. अधिकाऱ्याने विचारले, ‘कशासाठी यायचं आहे तुला?’ त्याने दिलेले उत्तर ऐकून अधिकाऱ्याने नियम बाजूला ठेवला आणि त्याला आत घेतले. हाच ह्युएनत्संग.

त्याची सगळी यात्रा इथे सांगत नाही, शाळेच्या पुस्तकात आपण ती वाचली आहे. भारतात नालंदेला तो शिकला आणि इ.स. ६४१ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. चालुक्य राजा पुलकेशीचे, इथल्या मानी आणि उपकार न विसरणाऱ्या माणसांचे वर्णन त्याने केले. शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू इथे असल्याचे लिहिले. पूर्वेकडच्या डोंगरातल्या ज्या लेण्यांचे त्याने वर्णन केले, ते अजिंठ्याचेच असे अभ्यासक मानतात. आणखी एक नोंद त्याने केली : खाटीक, मासेमार, भंगी यांसारख्यांची घरे खुणेने वेगळी केलेली असत आणि त्यांना नगराबाहेर राहावे लागे.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा अस्पृश्यता केव्हा जन्माला आली हे ठरवण्यासाठी त्यांनी फाहियान आणि ह्युएनत्संग या दोन चिनी प्रवाशांच्या नोंदी तपासल्या. इथल्या पोथ्या आपल्याविषयी बोलल्या त्या बहिष्कार घालण्यापुरत्या. वेशीबाहेर कोण राहते हे बाहेरच्या नजरेने पाहून लिहून ठेवणाऱ्यांत लोयांगच्या विहाराच्या दाराशी उभा असलेला हा मुलगा होता. नालंदा गेली, महाराष्ट्रातले ते शंभर विहार गेले. त्यांची मोजणी त्याच्या वहीत राहिली, आणि त्याच्या वहीतून आपल्याकडे आली.

इ.स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला, तेव्हा सम्राट थायत्सुंगची आणि त्याची भेट लोयांगच्या राजवाड्यात झाली. सम्राटाने भिक्खूपण सोडून दरबारात नोकरी कर म्हटले. त्याने नाही म्हटले. पुढे इ.स. ६५७ मध्ये नव्या सम्राटाबरोबर त्याला पुन्हा लोयांगला यावे लागले, तेव्हा सवड काढून तो आपल्या गावी गेला. नातेवाइकांत कोणी उरले नव्हते. तपास केल्यावर एक बहीण हयात असल्याचे कळले, ती लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदत होती. तिला बोलावून घेतले. दोघे भावंडे आईबापांच्या थडग्यांशी गेली. लढायांच्या धामधुमीत नीट पुरलेलेही नव्हते, वर झाडोरा माजला होता. बहिणीने खुणा दाखवल्या आणि भावाने राजाची परवानगी काढून चांगल्या जागी त्यांचे दफन केले. जगप्रसिद्ध पंडित, सम्राट ज्याला खुर्ची देतो असा. पण आईबापाचे थडगे दाखवायला बहीण लागली.

यानंतर सम्राज्ञी वू चतियेन. चीनच्या सगळ्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपद घेणारी ही एकच स्त्री. तिने लोयांगला ‘दिव्य राजधानी’ केले आणि इ.स. ६९० ते ७०५ राज्य केले. लोंगमेनची सुमारे सतरा मीटर उंचीची वैरोचन बुद्धमूर्ती इ.स. ६७५ मध्ये पुरी झाली. तिच्यासाठी सम्राज्ञीने आपल्या शृंगाराच्या खर्चातून नाण्यांच्या वीस हजार माळा दिल्या होत्या. मूर्तीचा चेहरा तिच्यावरूनच घडवला असे लोक सांगतात, त्याला पुरावा नाही. पुरुषांच्या राज्यात एवढी मजल मारणाऱ्या बाईबद्दल आदर वाटतो. पण गादी मिळवण्यासाठी तिने बौद्ध ग्रंथांतल्या भाकितांचा सोयीस्कर अर्थ लावून घेतला, हेही विसरता येत नाही. भिक्खूंनी तो लावून दिला, हे तर मुळीच नाही.

मध्य भारतातून आलेले शुभाकरसिंह इ.स. ७३५ मध्ये लोयांगला वारले, वज्रबोधी ७४१ मध्ये. दोघांच्या अस्थी लोंगमेनच्या डोंगरावर ठेवल्या गेल्या. भारतातल्या भिक्खूंची शेवटची विश्रांती तिथे.

राजा देतो तसा राजा घेतोही. विहारांकडे जमिनी साठल्या होत्या, त्यांना कर माफ होता, खजिना रिकामा होता आणि सम्राट वूत्सुंग ताओ पंथाच्या नादी लागलेला. इ.स. ८४५ मध्ये त्याच्या हुकुमाने देशभरातले ४,६०० विहार मोडले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवायला लावले. मूर्ती वितळवून नाणी आणि शेतीची अवजारे केली. लोयांगमध्ये मोजके विहार आणि बोटावर मोजण्याइतके भिक्खू ठेवले. पुढे सुंग काळात शहर विद्वानांचे गाव म्हणून राहिले, मग एक साधे जिल्ह्याचे ठिकाण झाले. ती आठशे वर्षे आम्ही सोडून देतो.

विसाव्या शतकात लोंगमेनवर वेगळेच संकट आले. मूर्तींची डोकी कापून परदेशी बाजारात विकली जाऊ लागली. पिनयांग लेण्यातले सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकीचे कोरीव पट १९३० च्या दशकात छिन्नीने तुकडेतुकडे करून नेले. एक आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे, दुसरा कॅन्सस सिटीच्या.

नव्या चीनमध्ये १९५० नंतर सोव्हिएत मदतीने मोठे कारखाने उभारायचे ठरले, त्यातले बरेचसे लोयांगच्या वाट्याला आले. तेव्हा योजनाकारांनी एक शहाणपणा केला. जमिनीखाली जुनी राजधानी आहे हे माहीत असल्याने तो भाग मोकळा सोडून कारखाने त्याच्या पश्चिमेला च्यानशी भागात बांधले. १९५५ मध्ये ट्रॅक्टर कारखान्याची पायाभरणी झाली आणि १९५८ मध्ये ‘तुंगफांगहुंग’ म्हणजे ‘पूर्व लाल आहे’ या नावाचा पहिला चिनी ट्रॅक्टर बाहेर पडला. देशभरातून कामगार आले, शांघायहून दुकाने उठवून इथे आणली, त्या भागाला अजून ‘शांघाय बाजार’ म्हणतात. लाल विटांच्या तीन मजली चाळी, भोंग्यावर चालणारे आयुष्य. गिरणगावातल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल.

सांस्कृतिक क्रांतीत १९६६ नंतर श्वेताश्व विहाराच्या जुन्या मूर्ती फोडल्या गेल्या, ग्रंथ जाळले गेले. १९७३ मध्ये कंबोडियाचे राजपुत्र सिहानूक तिथे दर्शनाला येणार असे ठरले आणि पंचाईत झाली, दाखवायला विहारात काही नाही! मग पेकिंगच्या राजवाड्यातून अर्हतांच्या जुन्या मूर्ती आणून घाईघाईने बसवल्या. त्या अजून तिथेच आहेत. म्हणजे ज्यांनी फोडल्या त्यांनाच आणून बसवाव्या लागल्या.

आजचे लोयांग सत्तर लाख वस्तीचा जिल्हा आहे. २०१० पासून वेगवान आगगाडी लोंगमेन नावाच्या स्थानकात थांबते, २०२१ पासून शहरात मेट्रो धावते. जमिनीत जागोजाग थडगी आणि चौथरे लागत असल्याने खणण्याआधी पुरातत्त्ववाल्यांना बोलवावे लागते. सकाळी इथली माणसे रश्श्यावर जगतात. बैलाच्या किंवा बकऱ्याच्या मटणाचा, नाहीतर टोफूचा गरम रस्सा वाडग्यात आणि त्यात चुरलेली भाकरीसारखी रोटी. एप्रिलमध्ये मुदान फुलांचा उत्सव भरतो, १९८३ पासून तो सरकारी थाटात होतो. हल्ली तरुण मुलेमुली जुन्या थांग काळाचे रेशमी पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढत हिंडतात. सम्राज्ञी वूचे सभागृह आणि राजवाड्याचा दरवाजा जुन्या पायावर पोलाद आणि काँक्रीट वापरून नव्याने उभे केले आहेत. रात्री त्यांच्यावर रोषणाई असते. आम्हाला मातीचा उघडा चौथराच जास्त बोलका वाटतो, पण पाहुण्यांना दिवे लागतात, काय करणार.

लोंगमेनच्या लेण्यांना २००० साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी श्वेताश्व विहारात जाऊन आले आणि पुढे झालेल्या करारानुसार त्या आवारात भारताने सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर एक विहार बांधून दिला. तोरणे सांचीची, आतली बुद्धमूर्ती सारनाथच्या शैलीची. २९ मे २०१० रोजी त्याचे उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. त्या जळगाव जिल्ह्यातल्या. अजिंठ्याला जायला आपण ज्या जळगावला उतरतो तेच जळगाव. घोड्यावर ग्रंथ लादून निघाल्याची कथा जिथे सुरू झाली, तिथून हे दगडी दान गेले.

लोंगमेनला रोज हजारो माणसे येतात ती वैरोचनाच्या मोठ्या मूर्तीकडे. पायऱ्या चढून, घाम पुसून, फोटो काढून खाली उतरतात. रेशीमवाल्यांचे आणि सुगंधी मालवाल्यांचे लेणे लहान आहे, तिकडे फारसे कोणी वळत नाही. कूयांगच्या भिंतीवर सुन छ्यूशंगच्या मंडळींची नावे वर, अंधारात आहेत. चिनी सुलेखनाचे विद्यार्थी मात्र त्या अक्षरांचे ठसे समोर ठेवून, कुंचल्याने एकेक अक्षर पुन्हा पुन्हा गिरवतात. वळण सुधारावे म्हणून गिरवतात, पण गिरवताना त्या दोनशे वर्गणीदारांतले कोणाचे ना कोणाचे नाव लिहिले जातेच.